तीस, चाळीस की साठ? घरच्या धुण्याचं तापमान ठरवताना

नवीन वॉशिंग मशीन घरी आली की डेमो द्यायला माणूस येतो. दहा मिनिटांत चकती गरागरा फिरवून दाखवतो, "रोजच्या कपड्यांना हा प्रोग्रॅम लावा" म्हणतो आणि निघून जातो. पुढे कित्येक घरांत वर्षानुवर्षं तोच एक प्रोग्रॅम चालतो. बनियन, पडदे, बाळाची दुपटी, ओट्यावरचं फडकं, सगळं त्यातच. कपडे दिसायला स्वच्छ निघतात, त्यामुळे कोणाचं काही अडत नाही. अडतं ते टॉवेलला कुबट वास यायला लागला की, चड्ड्यांचं इलॅस्टिक लवकर सैल पडलं की, किंवा घरात एकाला झालेलं गजकर्ण एकेक करून सगळ्यांना झालं की.

पहिल्यांदाच स्वतःचं धुणं स्वतः लावणाऱ्यांसाठी हे लिहितोय. नोकरीसाठी वेगळी खोली घेतलेले, नवा संसार मांडलेले, किंवा इतकी वर्षं आईवर नाहीतर मावशींवर सोडून दिलेलं काम आता अंगावर आलेले. तापमान ठरवायला फार शास्त्र लागत नाही. मळ कसला आहे त्यावरून किती गरम पाणी हवं ते कळतं, आणि कापड किती सोसेल त्यावरून कुठे थांबायचं ते कळतं.

आधी बघा: तुमच्याकडे "थंड" म्हणजे किती?

मशीनवरच्या आणि लेबलवरच्या आकड्यांची ही पद्धत युरोपात रुळलेली. तिकडे नळाचं पाणी हिवाळ्यात दहा अंशांच्या आसपास येतं, त्यामुळे ३० अंश म्हणजे पाणी बऱ्यापैकी तापवलेलं. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने नळाचं पाणीच २५ ते ३० अंश असतं. म्हणजे मुंबईत, नागपुरात किंवा गोव्यात "३० अंश" लावलं तर हीटरला फारसं काम उरत नाही. उलट मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी येणारं पाणी ३५ च्या वर सहज असतं आणि मशीन काही पाणी गार करत नाही. नाजूक किंवा रंग जाणारे कपडे "कोल्ड"वर लावले म्हणून ते थंड पाण्यात धुतले गेले असं उन्हाळ्यात धरू नका. ते धुणं सकाळी लवकर लावा, टाकी रात्रभर निवलेली असते.

पुण्या-नाशकात डिसेंबर-जानेवारीत याच्या बरोबर उलट होतं. सकाळचं पाणी हाताला झोंबतं, पावडर नीट विरघळत नाही आणि गडद कपड्यांवर पांढरे पट्टे राहतात. त्या दोन महिन्यांत रोजचं धुणंसुद्धा ३० किंवा ४० वर लावलं तर फरक लगेच दिसतो. ज्यांची मुलं जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये शिकायला गेली आहेत त्यांनी त्यांना एवढं जरूर सांगावं, की घरी "कोल्ड"वर निघायचे तसे कपडे तिथे "कोल्ड"वर निघणार नाहीत.

मशीनला हीटर आहे का?

हे माहीत नसलेले लोक पुष्कळ भेटतात. फ्रंट लोड मशीनला बहुधा हीटर असतोच. टॉप लोडमध्ये काही नव्या मॉडेलांना असतो, बऱ्याच मशीनना नसतो, सेमी ऑटोमॅटिकला तर सहसा नसतोच. काही टॉप लोडना मागे दोन नळ्या जोडायची सोय असते, एक थंड आणि एक गरम. ती गरमची नळी गीझरला किंवा सोलरला जोडलेली नसेल तर पॅनेलवरचं "हॉट" हे बटण नुसतं शोभेचं. सोलरचं पाणी जोडत असाल तर मशीनच्या पुस्तिकेत किती अंशांपर्यंत चालेल ते आधी वाचा. उन्हाळ्यात सोलरचं पाणी भलतंच तापतं आणि रबरी नळ्या, प्लास्टिकचे भाग ते सोसतीलच असं नाही. एकच नळी असलेल्या फ्रंट लोडला थेट सोलर जोडू नका. ती मशीन थंड पाणी घेऊन स्वतः तापवते, आणि एन्झाइमवाल्या, म्हणजे डाग पचवणारे घटक घातलेल्या, पावडरीला ती हळूहळू होणारी वाढच मानवते.

हीटर नसला तर खाली बादलीचा हिशोब दिला आहे, त्यावर उत्तम भागतं.

लेबलवरचा आकडा कसा वाचायचा

कपड्याच्या आतल्या शिवणीला चिकटलेली ती पांढरी पट्टी टोचते म्हणून बरेच जण कापून टाकतात. कापायची तर आधी वाचून घ्या. पाण्याच्या टबाचं चित्र असतं, त्यात आकडा किंवा ठिपके. एक ठिपका ३० अंश, दोन ठिपके ४०, तीन ५०, चार ६०. टबाखाली एक रेघ असेल तर हलका प्रोग्रॅम, दोन रेघा असतील तर अगदी नाजूक. टबात हात दाखवला असेल तर हातानेच धुवायचं, तेही ४० अंशांच्या वर नाही. टबावर फुली म्हणजे घरी पाण्यात घालायचंच नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. तो आकडा कमाल मर्यादा सांगतो. ६० लिहिलेली चादर दर वेळी ६० वरच धुवावी असा त्याचा अर्थ नाही. नुसती धूळ बसली असेल तर ३० ला खुशाल धुवा. पण ३० लिहिलेला कपडा ६० ला टाकलात आणि तो आटला, तर दुकानदार हात वर करणार.

ढीग कसे पाडायचे

पांढरे आणि रंगीत एवढीच वाटणी आपल्याकडे चालते. मी चार ढीग पाडायला सांगेन. पहिला रोजचे वरचे कपडे: शर्ट, कुर्ते, पंजाबी ड्रेस, जीन्स. दुसरा अंगाला चिकटून असणारे: बनियन, चड्ड्या, मोजे. तिसरा चादरी, अभ्रे, टॉवेल. चौथा स्वयंपाकघरातली फडकी आणि पुसणी. दुसरा आणि चौथा ढीग कधीही एकत्र करायचा नाही, आणि फरशीचं पोतेरं कोणत्याच ढिगात नाही, ते वेगळ्या बादलीत.

पहिल्या ढिगाबद्दल फार बोलायला नको. नळाच्या पाण्यात किंवा ३० वर काम होतं. ऑफिसला एसीत बसून आलेल्या शर्टाला घाम आणि थोडी धूळ यापलीकडे काही लागलेलं नसतं. कॉलर फार मळली असेल तर तेवढाच भाग साबणाने घासून मग टाका. जीन्स उलटी करून. मुलांचे गणवेश बहुतेक टेरिकॉटचे असतात, शाईचे आणि मातीचे डाग घेऊन येतात, त्यांना ४०. खेळाचे पॉलिएस्टरचे टी-शर्ट सुती कपड्यांपेक्षा घामाचा वास जास्त धरून ठेवतात. त्यांना ४० द्या आणि कपडे मऊ करणारा कंडिशनर अजिबात घालू नका, तो धाग्यावर थर करतो आणि वास त्याखाली राहतो.

अंतर्वस्त्रं

इथे मात्र जरा थांबू या. चड्डीत घाम असतो, त्वचेच्या गळलेल्या पेशी असतात आणि, स्पष्टच सांगायचं तर, विष्ठेतल्या जिवाणूंचा अंश असतो. नळाच्या पाण्यात साबण लावून धुतलं की यातला बराच भाग वाहून जातो, पण सगळा जात नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, अंतर्वस्त्रं, टॉवेल आणि घरातल्या चादरी ६० अंशांवर, किंवा ब्लीच असलेली पावडर घालून ४० अंशांवर धुवायला सांगते. यातला दुसरा पर्याय आपल्या जास्त कामाचा आहे.

कारण आजची बहुतेक अंतर्वस्त्रं नुसत्या सुताची नसतात. त्यात स्पॅन्डेक्स, म्हणजे ताणला जाणारा कृत्रिम धागा, असतं, कमरेला इलॅस्टिक असतं, आणि लेबलवर ३० किंवा ४० लिहिलेलं असतं. अशा चड्ड्या दर वेळी ६० ला धुतल्या तर इलॅस्टिक लवकर लुळं पडतं. म्हणून निरोगी माणसांच्या घरात रोजचा मार्ग असा: ४० अंश, पूर्ण लांबीचा प्रोग्रॅम आणि पावडर. "क्विक १५" लावून हे कपडे निघत नाहीत, त्यात साबणाला वेळच मिळत नाही. पावडर अशासाठी, की ऑक्सिजन ब्लीच असलंच तर पावडरमध्ये असतं, लिक्विडमध्ये नसतं. पाकिटावर "सोडियम परकार्बोनेट" किंवा "ऑक्सिजन ब्लीच" दिसतं का बघा. हे ब्लीच ४० च्या आसपास कामाला लागतं, गार पाण्यात ते जवळजवळ झोपलेलं असतं. गडद रंगांना मात्र अशी पावडर रोज लावू नका.

बाटलीतलं क्लोरीनवालं ब्लीच ही वेगळी गोष्ट. ते फक्त पांढऱ्या शुद्ध सुती कपड्यांना, गार पाण्यात, आणि बाकी कशातही न मिसळता. स्पॅन्डेक्सचं त्याने वाटोळं होतं. संडास साफ करायचं अॅसिड किंवा व्हिनेगर त्यात पडलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा बंद बाथरूममध्ये असले प्रयोग नकोत.

साधी सुती बनियन आणि पांढऱ्या सुती चड्ड्या, लेबल परवानगी देत असेल तर, ६० ला बिनधास्त धुवा. आणि पुढच्या प्रसंगांत तर ६० शिवाय पर्याय नाही असं मी म्हणेन: घरात कोणाला जुलाब-उलट्या होत असतील, कोणाला जांघेत किंवा पायांच्या बोटांत बुरशी झाली असेल, किंवा अंथरुणाला खिळलेलं आजारी माणूस असेल.

गजकर्णाचं वेगळं सांगतो, कारण ते घरोघरी आहे. या बुरशीचे बीजाणू कपड्यात तग धरून राहतात. ३० किंवा ४० च्या धुण्यात ते मरतीलच याची खात्री नाही, ६० च्या पूर्ण धुण्यात मरतात. शिवाय एकत्र भिजत घातलेल्या कपड्यांतून ते इतरांच्या कपड्यांना लागू शकतात. म्हणून त्या माणसाच्या चड्ड्या, मोजे, टॉवेल वेगळे काढा, वेगळे धुवा, आणि उपचार चालू असेपर्यंत साध्या सुती, ६० सोसणाऱ्या चड्ड्या विकत आणा. वाळल्यावर कंबरपट्टी आणि शिवणीवरून गरम इस्त्री फिरवा. औषध त्वचेच्या डॉक्टरांकडून घ्या. मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडच्या मिश्र मलमांनी खाज थांबते आणि गजकर्ण पसरतं, मग धुण्याचं तापमान कितीही वाढवा.

खरजेचंही जवळपास तसंच. तिचे किडे ५० अंशांत दहा मिनिटांत मरतात. जे ६० ला धुता येत नाही ते आठवडाभर घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, माणसाच्या अंगाशिवाय ते तेवढे दिवस जगत नाहीत.

ब्रा ३० वर, हुक लावून, जाळीच्या पिशवीत. तार असलेली असेल तर पिशवीशिवाय कधीच नाही, ती तार निघून ड्रमच्या भोकात अडकली की मेकॅनिकचं बिल येतं. वेळ असेल तर हाताने धुणं उत्तम, आणि पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं.

पाळीचे कापडी पॅड, पिरियड पँटी आणि डाग पडलेल्या चड्ड्या आधी गार पाण्यात. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं गोठतात आणि डाग धाग्यात पक्का बसतो. मेमधल्या दुपारचं नळाचं पाणी यासाठी गार धरू नका, सकाळी भरून ठेवलेल्या बादलीतलं किंवा माठातलं घ्या. पाणी नितळ येईपर्यंत खळबळून काढा, मग ४० ला बाकीच्या चड्ड्यांबरोबर धुवायला हरकत नाही. कंडिशनर नको, शोषून घ्यायची ताकद जाते.

आता वाळवण्याबद्दल, कारण या कपड्यांच्या बाबतीत ते तापमानाइतकंच मोलाचं आहे. आपल्याकडे अजूनही कित्येक घरांत बायकांची अंतर्वस्त्रं दोरीवर परकराखाली किंवा टॉवेलखाली झाकून वाळत घालतात, नाहीतर बाथरूमच्या आतल्या दांडीवर. ऊन लागत नाही, वारा लागत नाही, संध्याकाळी काढतात तेव्हा कंबरपट्टी आणि मधला जाड भाग ओलसरच असतो. तशीच घडी घालून कपाटात जाते. ४० अंशांवर नीट धुतलेली चड्डी अशी वाळवली तर धुण्याचा अर्धा उपयोग गेला. पुरुषांच्या बनियन गॅलरीत राजरोस फडफडतात आणि बायकांचे कपडे अंधारात, याला काही अर्थ नाही. अगदीच संकोच वाटत असेल तर चिमट्यांचं गोल स्टँड घ्या आणि गॅलरीत आतल्या बाजूला, पण उन्हात टांगा.

चादरी, अभ्रे, टॉवेल

यांना ६०, आठवड्यातून एकदा. कारण गादीत आणि चादरीत राहणारे धुळीतले सूक्ष्म कीटक, ज्यांच्यामुळे सकाळी उठल्या उठल्या सटासट शिंका येतात, ते ५५ ते ६० अंशांच्या पुढे मरतात. कमी तापमानात धुतलं तर त्यांची शिंका आणणारी घाण बरीचशी पाण्याबरोबर जाते, पण कीटक जिवंत राहतात. कोकणपट्टीतली दमट हवा त्यांना फार मानवते. घरात दमेकरी असेल तर हा आकडा पाळाच. कोणालाच त्रास नसेल तर एक आड एक धुणं ४० वर चालेल.

अभ्र्यांचा खरा प्रश्न तेलाचा. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली थिजतं, थंडीत बाटलीत गोठलेलं आपण बघतोच. मग पुण्यातल्या जानेवारीत गार पाण्यात अभ्रे धुतले तर त्यातलं तेल कसं निघणार? ते तसंच राहतं, जुनं होतं आणि अभ्र्याला तो ओळखीचा खवट वास येतो. ४० च्या खाली अभ्रे धुऊच नका. फार तेलकट झाले असतील तर डागावर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब चोळा आणि ६० ला टाका.

सोलापुरी चादर आणि नवे गडद टॉवेल पहिल्या दोन-तीन वेळा एकटे, गार पाण्यात. रंग जायचा थांबला की मगच गरम पाणी. भिजल्यावर ही चादर भलती जड होते, छोट्या मशीनमध्ये ती एकटीच लावा. गोधडीचं तर विचारूच नका. नवरात्राच्या आधी गावाकडे गोधड्या नदीवर का नेतात ते एकदा सात किलोच्या मशीनमध्ये गोधडी कोंबली की कळतं.

टॉवेलला ६० आणि कंडिशनर शून्य. टॉवेल मऊ लागतो पण अंग पुसत नाही अशी तक्रार असेल तर कारण बहुधा तेच. आणि ओला टॉवेल दारामागच्या खिळ्याला लटकवून ठेवायची सवय असेल तर ९० अंशसुद्धा त्याचा वास काढणार नाहीत.

स्वयंपाकघरातली फडकी, बाळाचे कपडे

ओट्याचं फडकं कच्च्या मटणाच्या पाण्यापासून सांडलेल्या दुधापर्यंत सगळं पुसतं. ६० हवंच, शक्य असेल तर त्याहून जास्त. एवढ्याशा फडक्यांसाठी मशीन लावायची गरज नाही. जुनं पातेलं घ्या, पाणी, चमचाभर धुण्याचा सोडा, फडकी बुडवा आणि दहा मिनिटं उकळा. परटाची भट्टी म्हणजे तरी दुसरं काय होतं, सोडा आणि उकळतं पाणी. अॅल्युमिनियमचं पातेलं नको, सोड्याने ते काळं पडतं आणि झिजतं.

बाळाच्या लंगोटांतली शी आधी संडासात झटकून गार पाण्याने काढा, मग ६०. झबली, टोपडी, दुपटी यांना एरवी ४० पुरे. साबण कमी घाला आणि एक खळबळणं जास्त द्या, बाळाच्या अंगावर पुरळ येतं ते बऱ्याचदा कपड्यात राहिलेल्या साबणाने.

रेशीम, लोकर यांचं एका ओळीत: गार पाणी, सौम्य साबण, हाताने, न चोळता. पैठणी मशीनच्या जवळपासही नको.

हीटर नसेल तर: तांब्याचा हिशोब

थर्मामीटर कोणाकडे नसतो, पण उकळतं पाणी म्हणजे साधारण १०० अंश आणि नळाचं २५ एवढं धरलं तर गणित सोपं आहे. एक तांब्या उकळतं आणि चार तांबे नळाचं घेतलं की ४० अंश. एकास दोन घेतलं की ५०. निम्मं निम्मं घेतलं की ६० च्या थोडं वर, बादली आणि कपडे थोडी उष्णता खातात तेव्हा साठच्या खाली उतरतं. थंडीत गरम पाणी थोडं जास्त घ्या. गीझरचं पाणी उकळतं नसतं, त्यात नळाचं फार मिसळू नका.

बादलीत आधी गार पाणी, मग वरून गरम, मग पावडर विरघळवून घ्या आणि शेवटी कपडे. ४० च्या पाण्यात हात सुखाने राहतो, ५० च्या पाण्यात ठेववत नाही, म्हणून काठीने ढवळा. रांगतं मूल घरात असेल तर अशी बादली क्षणभरही एकटी सोडायची नाही. एन्झाइमवाली पावडर असेल तर ४० ते ५० च्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा. उकळत्या पाण्यात ती घातली तर एन्झाइम मरतात आणि त्यासाठी मोजलेले जास्तीचे पैसे मोरीत जातात. बादलीतलं पाणी निवत जातं हे खरं, मशीनसारखं ते तासभर ६० ला टिकत नाही. म्हणून बुरशी किंवा खरूज असेल तेव्हा बादलीवर विसंबण्यापेक्षा पांढरे सुती कपडे सरळ उकळा आणि रंगीत कपड्यांना कडक ऊन आणि कडक इस्त्री द्या.

धुणं मावशी करत असतील तर त्यांच्यासमोर दोन बादल्या ठेवून एकदा दाखवा. "मावशी, आतले कपडे या बादलीत, गरम पाणी मी काढून ठेवते" एवढं सांगितलं तरी पुरतं. गरम पाणी काढून द्यायचं काम मात्र आपलं, त्यांनी दुसऱ्याच्या गॅसवर पाणी ठेवायचं की नाही या संकोचात का राहावं?

डाग आधी, तापमान नंतर

रक्त, अंडं, दूध, वरण: आधी गार पाणी. तेल, तूप, लोणचं: साबण चोळून गरम पाणी. हळदीला गरम पाण्याने काही होत नाही. साबण लागला की हळद लाल होते, घाबरू नका, खळबळून कडक उन्हात टाका. उन्हाने हळदीचा रंग उडतो. लग्नातल्या हळदीचे कपडे दोन-तीन दिवस ओले करून उन्हात घातले की बरेच स्वच्छ होतात. एक खबरदारी: डाग पूर्ण गेलाय का हे बघितल्याशिवाय इस्त्री करू नका, उरलेला डाग तिने पक्का होतो.

विजेचा खर्च

मशीनच्या विजेतला मोठा वाटा पाणी तापवण्यात जातो. फ्रंट लोड एका धुण्याला पंधरा लिटर पाणी तापवते असं धरलं तर २५ अंशांवरून ४० ला न्यायला पाव युनिट लागतं आणि ६० ला न्यायला ०.६ युनिट. ड्रम आणि कपडे तापतात त्याचं थोडं वर. म्हणजे आठवड्यातून दोन धुणी ६० ला लावली तर बिलात फार मोठा खड्डा पडत नाही, पण रोजचे शर्ट ६० ला धुणं हा निव्वळ अपव्यय आहे आणि शर्टांचाही सत्यानाश.

"इको" शब्दाकडे लक्ष ठेवा. "कॉटन इको ६०" असा प्रोग्रॅम असेल तर काही मशीन वीज वाचवायला पाणी प्रत्यक्षात कमी तापवतात आणि वेळ वाढवतात. कपडे स्वच्छ निघतात, पण कीटक आणि बुरशी मारायला ते पुरेल याची खात्री नाही. त्यासाठी साधं "कॉटन ६०" किंवा "हायजीन" लावा. मशीन गच्च भरू नका, ड्रममध्ये वर हाताचा पंजा आडवा जाईल एवढी जागा राहू द्या.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर सगळं गणित बदलतं. कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत आणि ओलसर कपड्यात उरलेसुरले जिवाणू पुन्हा वाढतात, तोच तो कुबट वास. या महिन्यांत एक पायरी वर जा: एरवी ३० ला धुता ते ४० ला, एरवी ४० ला धुता ते लेबल सोसत असेल तर ६० ला. स्पिनचा वेग १००० ते १२०० ठेवा, नाजूक कपडे सोडून. धुणं झालं की ताबडतोब काढा, ओला गोळा मशीनमध्ये रात्रभर राहिला तर पुन्हा धुण्यावाचून गत्यंतर नाही. दोरीवर कपड्यांत बोटभर अंतर, वर पंखा. अंतर्वस्त्रं आणि मोजे थोडे ओलसर असतानाच इस्त्रीखाली घ्या. सुती कपड्यासाठी इस्त्री २०० अंशांपर्यंत तापते, स्पॅन्डेक्सवाल्यांना मात्र एक ठिपक्याची, म्हणजे ११० ची.

मशीनचीही एक पाळी

सतत ३० वर धुणाऱ्यांच्या मशीनमध्ये आत बुळबुळीत थर जमतो आणि स्वच्छ कपड्यांना मशीनचाच वास लागतो. महिन्यातून एकदा रिकामी मशीन ६० किंवा त्याहून जास्तवर चालवा, "ड्रम क्लीन" असेल तर ते लावा. बोअरिंगचं पाणी असेल तर दुसरीही अडचण येते. जड पाणी तापलं की त्यातला क्षार हीटरवर बसतो आणि हीटर हळूहळू निकामी होतो. तिथे क्षार काढणारी डिस्केलिंग पावडर दर दोन-तीन महिन्यांनी, आणि धुण्याला साबणही थोडा जास्त लागतो.

फ्रंट लोडच्या दाराच्या रबराची घडी बोटाने उघडून बघा. तिथे केस, नाणी आणि काळी बुरशी सापडते. प्रत्येक धुण्यानंतर ती कोरड्या फडक्याने पुसा आणि दार थोडं किलकिलं ठेवा. घरात लहान मूल असेल तर दार उघडं ठेवताना मशीन ज्या खोलीत आहे त्या खोलीला बाहेरून कडी लावा, मुलं ड्रममध्ये शिरतात.